हाताखालची विद्या

मराठीत ‘उमेदवार’ हा शब्द आता निवडणुकीपुरताच उरल्यासारखा झाला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस मात्र त्याचा निराळा अर्थ चांगलाच परिचित होता. फारसीतील ‘उमेद’ म्हणजे आशा. पुढेमागे जागा मिळेल या आशेने कचेरीत, पेढीवर किंवा कारखान्यात जो बिनपगारी अथवा नाममात्र वेतनावर राबतो, तो उमेदवार. ‘अमुक मेस्त्रींच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी केली’ असे सांगताना त्या पिढीतील माणसाच्या स्वरात जो अभिमान असे, तो आज परीक्षेचा दाखला दाखवणाऱ्याच्या स्वरात क्वचितच आढळतो. ‘हाताखाली शिकणे’ हा प्रयोगही असाच अर्थपूर्ण आहे. शिकवणाऱ्याचा हात चालत असतो आणि शिकणारा त्याच्या सावलीत असतो, एवढे सगळे त्या दोन शब्दांत येते.

ही रीत मागे पडली आणि शाळा पुढे आली, याबद्दल हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ आहेत, तसेच समाधान मानणारेही पुष्कळ आहेत. आम्हांस या दोहोंपेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हाताखालच्या विद्येने नेमके काय दिले, आणि कोणती उणीव तिला भरून काढता आली नाही? याचे उत्तर सामान्य विधानांतून मिळणार नाही. त्यासाठी एखाद्या धंद्याचा इतिहासच पाहावयास हवा. आम्ही येथे चित्रपटाचा धंदा घेत आहोत. त्याचे कारण सरळ आहे. हा धंदा आपल्या देशात आला तेव्हा तो शिकवणारी शाळा येथे नव्हती. जवळजवळ अर्धशतक तो केवळ उमेदवारीवर वाढला, आणि मग ज्या जागेवर उमेदवार घडले त्याच जागेवर शाळा उभी राहिली. दोन्ही पद्धती एकाच तराजूत तोलून पाहण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

या कथेचा आरंभ मात्र एका शाळेपासूनच होतो. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० साली बडोद्यास कलाभवनाची स्थापना झाली. शास्त्र आणि हुन्नर यांची फारकत नाहीशी करावी, रंगारी, यंत्रकार व चित्रकार यांस त्यांच्या कामामागील ज्ञान मिळावे आणि ज्ञानवंतांच्या हातास काम लागावे, हा त्या संस्थेमागील विचार होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी या कलाभवनात चित्रकला व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. पुढे छायाचित्रण, छपाई, ठसे तयार करणे, जादूचे प्रयोग अशा अनेक उद्योगांतून त्यांचा हात फिरला. हिंदुस्थानातील पहिल्या चित्रपटकर्त्याची ही पूर्वतयारी पाहिली म्हणजे कलाभवनासारख्या शाळेचे ऋण मान्य करावेच लागते.

परंतु चित्रपट कसा तयार करावा हे कलाभवन शिकवू शकत नव्हते, कारण ते तेथे कोणासच ठाऊक नव्हते. फाळके १९१२ साली विलायतेस गेले आणि तेथील एका चित्रपटगृहात नव्हे, तर सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितीच्या कारखान्यात जाऊन त्यांनी प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहिले. मुक्काम थोडाच होता. परंतु ज्याचा हात आधीच तयार झालेला आहे, त्यास थोडे पाहणेही पुष्कळ शिकवून जाते. परत आल्यावर त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली. हा त्यांचा पहिला धडा, आणि तो त्यांनी स्वतःच स्वतःस दिला.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. त्याच्या निर्मितीत ज्यांनी काम केले त्यांपैकी बहुतेक सर्वांस फाळक्यांनीच शिकवले होते. त्यांचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांनी कॅमेरा चालवण्यास शिकून घेतले. सरस्वतीबाई फाळके यांनी कोऱ्या फिल्मच्या कडांस भोके पाडण्याचे आणि अंधारखोलीत फिल्म धुण्याचे काम आत्मसात केले. दिवसभर मंडळींचा स्वयंपाक सांभाळून रात्री हे काम करणाऱ्या या बाई हिंदी चित्रपटसृष्टीतील पहिल्या उमेदवारांपैकी एक होत्या, असे म्हणावयास हरकत नाही. श्रेयनामावलीत मात्र त्यांस स्थान मिळाले नाही. या गोष्टीकडे आपणांस पुन्हा वळावे लागणार आहे.

फाळक्यांमागे निदान एक शाळा होती. आता आपण ज्या कोल्हापुराकडे जात आहोत, तेथील मुख्य पुरुषामागे तीही नव्हती. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात कारागिराच्या घरी झाला. लाकूड, धातू, रंग आणि मूर्ती यांचे काम घरातच चाले. मुलास निराळे शिकावयास पाठवण्याची गरज नव्हती, कारण ओसरीवरच शाळा भरत होती. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे साथीदार. दोघांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवण्याचे काम हाती घेतले आणि त्यात एवढे नाव मिळवले की ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

पडदे रंगवण्याचे काम ही उमेदवारीची फार चांगली जागा असते. कापड ताणून बसवणे, त्यास खळ देणे, रंग घोटणे, मोठ्या चौकटी आखणे, मग मेस्त्रींनी काढलेल्या रेषेच्या आत सपाट रंग भरणे, अशा पायऱ्यांनी नवशिका वर चढतो. त्यास प्रथम काय द्यावे आणि काय देऊ नये, हे काम स्वतःच ठरवून देते. शिवाय त्याची चूक तो पाहतो आणि रात्री शेकडो प्रेक्षकही पाहतात. राजवाड्याचा खांब झुकलेला दिसला तर त्यावर गुण कापून भागत नाही. तो पडदा उतरवून पुन्हा रंगवावा लागतो. खऱ्या कामातून शिकण्याचा हा धाक आणि हीच गोडी.

फाळक्यांचा चित्रपट पाहून दोघा भावांस नवा ध्यास लागला. त्यांनी चित्रपट दाखवण्याचे यंत्र मिळवले, खेळ दाखवण्याचा धंदा करून पाहिला आणि त्याबरोबरच स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा उद्योग आरंभला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरीही काम थांबले नाही. बाबूरावांचे शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने १९१८ साली तो कॅमेरा चालू झाला.

हे काम किती अवघड होते, याची कल्पना यावी म्हणून त्या यंत्राचे अंतरंग थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कॅमेऱ्यातील फिल्म एकसारखी सरकत नाही. ती प्रत्येक चौकटीपाशी निमिषमात्र थांबते. त्या क्षणी झडप उघडून प्रकाश आत येतो. झडप मिटताच एक पंजासारखा दाता फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरतो आणि तिला नेमके एक चौकटभर खाली ओढतो. मूकपटाच्या काळी हे सेकंदास सुमारे सोळा वेळा घडावे लागे. चित्र दाखवणारे यंत्रही तत्त्वतः याच थांबत्या चालीवर चालते. म्हणून एक यंत्र उलगडून त्यावरून दुसरे रचणे शक्य होते. परंतु दाता कानशीने केसभर अधिक घासला गेला तरी पडद्यावरचे चित्र थरथरते, आणि पेटीस सुईच्या अग्राएवढी फट राहिली तरी सारी फिल्म वाया जाते. कॅमेरा तयार झाल्यावरही त्याचे हँडल हातानेच फिरवावयाचे होते, सेकंदास दोन फेरे, ना कमी ना अधिक, मग समोर तलवारी चालोत की घोडे दौडोत. ही लय पुस्तकात वाचून अंगी येत नाही. ज्याच्या मनगटात ती आहे त्याच्या शेजारी उभे राहून, त्याच्या देखरेखीखाली फिरवून, चुकून, पुन्हा फिरवूनच ती येते.

या कॅमेऱ्याच्या बळावर कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला आर्थिक साह्य दिले. १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्यास झळकला, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ असे गौरवल्याचे प्रसिद्ध आहे. पडदे रंगवून नाव मिळवलेल्या या माणसाने आपल्या चित्रपटांतून रंगवलेले पडदेच हद्दपार केले आणि त्यांच्या जागी खांब-कमानींचे भरीव देखावे उभारले. दृश्य चित्रित होण्यापूर्वी ते त्याची रेखाचित्रे काढीत. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. ‘सावकारी पाश’ने (१९२५) कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने कंपनीतील चित्रांहून कंपनीतील माणसे अधिक महत्त्वाची आहेत. येथे कामाची वाटणी ठरलेली नव्हती. जो देखावा उभारी तोच वेळप्रसंगी दाढी लावून कॅमेऱ्यापुढे उभा राही, आणि रात्री अंधारखोलीत फिल्म धुवावयास बसे. दामल्यांचा ओढा यंत्राकडे, तर कागलचे शेख फत्तेलाल यांचा चित्रकलेकडे. केशवराव धायबर कॅमेऱ्यात रमले. १९२० साली शांताराम वणकुद्रे हा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण येऊन मिळाला. त्यापूर्वी तो गंधर्व नाटक मंडळीत काही काळ वावरला होता आणि हुबळीच्या रेल्वे कारखान्यातही राबला होता. दुसऱ्याच वर्षी ‘सुरेखाहरण’मध्ये तो कृष्ण म्हणून पडद्यावर दिसला, आणि १९२७ साली ‘नेताजी पालकर’च्या दिग्दर्शनाची जबाबदारी त्याजकडे आली. सात वर्षांत पडेल ते काम करणाऱ्या मुलाचा दिग्दर्शक झाला. व्ही. शांताराम यांचे पुढील कर्तृत्व सर्वश्रुतच आहे.

यात समाजाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट घडत होती. जी विद्या पिढ्यानुपिढ्या मेस्त्रीच्या घरातून फक्त मेस्त्रीच्या मुलाकडे जात असे, ती आता घराबाहेर पडली होती. पेणकडचे दामले आणि कागलचे फत्तेलाल असे दोघे एका कारागिराच्या मुलास गुरू मानून कानस आणि कुंचला हाती धरीत होते. जन्माने मिळणारे कसब उमेदीने मिळू लागले, हे या कारखान्याचे आम्हांस सर्वांत मोठे कार्य वाटते.

आता दुसरी बाजू. हाताखालची विद्या मेस्त्रींच्या मर्जीवर अवलंबून असते आणि मेस्त्री हा माणूसच असतो. शिष्य प्रौढ झाल्यावर त्यास अधिकार द्यावयाचा की नाही, मिळकतीत वाटा असावा की नाही, या प्रश्नांस गुरुशिष्यनात्यात तयार उत्तर नसते. कोल्हापुरातही मतभेद झाले. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक सहकार्याने त्यांनी १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ तग धरू शकली नाही. शिष्य तयार करण्यात यशस्वी झालेला कारखाना शिष्यांस सामावून घेण्यात अयशस्वी ठरला, असेच म्हणावे लागते. आणि असे कारखाने इतिहासात थोडेथोडके नाहीत.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. या विद्येस दार होते, पण त्या दाराशी कोण उभे राहू शकेल हे आधीच ठरलेले होते. ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या स्त्रियांनी भूमिका केल्या, आणि त्या काळी हे धैर्याचेच काम होते. परंतु कॅमेऱ्यामागे, कातयंत्राशी वा संकलनाच्या मेजाशी उमेदवार म्हणून स्त्रीस बोलावले गेल्याचे दिसत नाही. सरस्वतीबाई फाळक्यांनी १९१३ साली जे करून दाखवले होते, त्यापासून धंद्याने पुढची दोन दशके काहीच बोध घेतला नाही. ज्या पद्धतीत प्रवेशाचा नियम लिहिलेला नसतो, तीत वगळण्याचा नियमही अलिखितच राहतो. मग त्याविरुद्ध दाद तरी कोठे मागावी?

आणि तरीही या पद्धतीच्या सामर्थ्याची कसोटी लवकरच लागली. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. ज्यांनी दहा वर्षे मूकपटाचे तंत्र गिरवले होते, त्यांची विद्या एका दिवसात जुनी झाली. प्रभातच्या चौघांपैकी कोणीही ध्वनिलेखन कोठे शिकलेले नव्हते. परंतु कॅमेरा उलगडून पुन्हा रचलेल्या दामल्यांस नव्या यंत्राचे भय वाटले नाही. ते ध्वनिलेखक झाले, आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट प्रभातने लोकांपुढे ठेवला. कंपनी १९३३ साली पुण्यास गेली. दामले आणि फत्तेलाल, म्हणजे एक यंत्रज्ञ आणि एक चित्रकार, यांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. एका विशिष्ट यंत्राचे ज्ञान यंत्राबरोबर जुने होते. यंत्राशी कसे झगडावे याचे ज्ञान जुने होत नाही. उमेदवारीने दामल्यांस हे दुसरे ज्ञान दिले होते.

प्रभातनेही पुढे उमेदवार घडवले. अनंत माने तेथील संकलन विभागात तयार झाले आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) सारखा चित्रपट त्यांच्या हातून निर्माण झाला. आमच्या कोंकणी वाचकांस विशेष जवळचे उदाहरण गुरुदत्त पडुकोण यांचे. चित्रापूर सारस्वत घरात जन्मलेल्या या तरुणाने अलमोड्यास उदयशंकर यांच्या केंद्रात नृत्याची साधना केली. १९४४ च्या सुमारास तो प्रभातमध्ये आला आणि ‘हम एक हैं’ (१९४६) या चित्रपटात नृत्यदिग्दर्शक व साहाय्यक म्हणून राबला. त्यांच्या पुढील चित्रांतील गीतप्रसंगांमध्ये पावलांची आणि कॅमेऱ्याची चाल एकमेकींस सोडून जात नाही. त्यामागे या दोन उमेदवाऱ्या आहेत, असे आम्हांस वाटते.

१९५० नंतरच्या काही वर्षांतच प्रभातचे दरवाजे बंद झाले. पुढे १९६० साली भारत सरकारने त्याच जागेत चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापन केली. दूरचित्रवाणीचा विभाग जोडला गेल्यावर तिला आजचे ‘फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’ हे नाव प्राप्त झाले. प्रभातच्या काळातील चित्रीकरणाचे भव्य दालन आजही तेथे आहे, आणि त्यात विद्यार्थी आपले धडे गिरवतात. योगायोग असा की १९६१ साली आपल्या संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदाही संमत केला. कारखान्यांनी उमेदवार घ्यावेत, त्यांस विद्यावेतन द्यावे, शिक्षणाची मुदत ठरवावी, अशी व्यवस्था त्याने केली. ज्या गोष्टी मेस्त्रींच्या मर्जीवर होत्या त्या कागदावर आल्या.

मग शाळेचा विजय झाला असे समजावे काय? आमच्या मते तसे समजणे उतावीळपणाचे होईल. शाळेने प्रवेशाचा नियम लिहिला. त्यामुळे कोणाची ओळख नसलेला मुलगा आणि कोणी न बोलावलेली मुलगी कॅमेऱ्यामागे उभी राहू शकली. हे कार्य उमेदवारीस पन्नास वर्षांत साधले नव्हते, आणि ते क्षुल्लक मानणे अन्यायाचे ठरेल. परंतु याच शाळेची खरी शक्ती कशात आहे, ते पाहावे. तेथील विद्यार्थी दालनात जाऊन दिवे लावतो, फिल्म कापतो, चुकतो आणि पुन्हा करतो, यातच ती आहे. ज्या शिक्षणसंस्थांनी ‘प्रात्यक्षिक’ हा वहीत चिकटवण्याचा एक कागद करून टाकला, त्यांनी शाळेचा लाभ घालवला आणि उमेदवारीचाही. कलाभवनाच्या स्थापनेमागील विचार हाच होता की या दोहोंनी एका छपराखाली नांदावे. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही तो आपणांस पुरता आचरणात आणता आलेला नाही.

बाबूराव पेंटर यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. त्या काळची फिल्म लवकर कुजणाऱ्या आणि सहज पेट घेणाऱ्या द्रव्याची असे. ‘सैरंध्री’ कशी होती हे आता कोणास पाहून सांगता येणार नाही. कृतींवरूनच कर्त्याची किंमत ठरवावयाची असती तर बाबूरावांचे नाव केव्हाच पुसले गेले असते. ते टिकले ते त्यांनी शिकवलेल्या हातांमुळे. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ निघाला तेव्हा निर्माते होते व्ही. शांताराम, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावासोबत नाव होते बाबूराव पेंटर यांचे. मतभेद होऊन अठरा वर्षे लोटली होती. तरी ज्याच्या हाताखाली शिकलो त्यास पुन्हा कामावर सन्मानाने बोलवावे, असे शिष्यास वाटले. सात वर्षांनी, १६ जानेवारी १९५४ रोजी, बाबूराव निवर्तले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या गावी आजही एखादे मेस्त्री आहेत. कोणी तंबोरा जुळवतात, कोणी होडी बांधतात, कोणी मूर्ती घडवतात, कोणी जुनी यंत्रे दुरुस्त करतात. त्यांची कृती टिकावी म्हणून आपण संग्रहालये काढतो, आणि ते योग्यच आहे. त्यांची विद्या टिकण्याचा मार्ग मात्र वेगळा आहे. त्यांच्या शेजारी एक तरुण, मुलगा असो वा मुलगी, उभा राहिला पाहिजे. त्यास पोटापुरते वेतन मिळाले पाहिजे, शिकण्याची मुदत ठरलेली असली पाहिजे, आणि चुकण्यास थोडे लाकूड व थोडा रंग मिळाला पाहिजे. हा खर्च फार मोठा नाही. तो करावयाचा की नाही, हे प्रत्येक गावाने आपापले मेस्त्री हयात असतानाच ठरवावयाचे आहे.